शिक्का कुणाचा?

दोस्तांनो, बोन्सायवरच्या कविता आता बंद करा.

आपल्या पोरांच्या वह्यांत मी इतकी बोन्साय बघितलीत की त्यातून एक नर्सरी उभी राहील. मुळं छाटलेली, फांद्यांना तार आवळलेली, वीतभर उंचीवर दाबून ठेवलेली झाडं. आणि शेवटी ठरलेलं, की आम्ही म्हणजे मनूच्या कुंडीतले वड. हॉलमध्ये टाळ्या पडतात, कवी खाली बसतो, चहा येतो. सालं, एकालाही विचारावंसं वाटत नाही की ही कुंडी केली कुणी?

मी केली. म्हणून हे लिहितोय.

‘बोन्साय’ हा जपानी शब्द. त्यातलं ‘बोन’ म्हणजे उथळ भांडं आणि ‘साय’ म्हणजे लावणं. नावातसुद्धा भांडं आधी आहे. पण आपली कविता झाडावर. झाडाकडं बघणं हे गिऱ्हाइकाचं बघणं आहे. ते दिवाणखान्यात सोफ्यावर बसून झाडच बघतं. आपण पण त्याच सोफ्यावर बसायचं, त्याच्याच डोळ्यांनी बघायचं आणि वर त्याला विद्रोह म्हणायचं? हे जमणार नाही.

मी पनवेलचा. स्टेशनापासून सायकलनं पाऊण तासावर एक पत्र्याची शेड आहे, तिच्यामागं विटांची लहान भट्टी. जुने लोक तिला आवाच म्हणतात. तिथं आम्ही तिघं बोन्सायच्या कुंड्या हातानं करतो आणि भाजतो. एक कुंभारकाका, एक कातकरी वाडीवरची बाई आणि मी, बुद्धवाड्यातला बारावी पास. माल एका शेठकडं जातो. शेठची नर्सरी आहे आणि शहरात प्रदर्शनं भरतात तिथं त्याचा स्टॉल असतो.

कविता करणाऱ्यांनी आधी काम ऐकावं.

गाळाची माती आणायची, वाळवायची, कुटायची, पाण्यात कालवून गाळायची. खडा, काडी, शिंपला सगळं काढायचं. मग तिच्यात भाजलेल्या फुटक्या मडक्यांचा चुरा मिसळायचा, नाहीतर जाड तळ वाळताना चिरतो. पायानं तुडवायची, हातानं मळायची. लांबट चौकोनी कुंडी चाकावर होत नाही. तिच्यासाठी माती भाकरीपेक्षा जाड लाटायची, पट्ट्या कापायच्या, कडा ओरखडून पातळ चिखल लावून जोडायच्या. तळाला पाणी जायची भोकं, झाड बांधायची तार ओवायला बारीक भोकं, खाली चार पाय. आणि सपाट तळ हा एक नंबरचा बदमाश. कडा आधी वाळतात, मधलं मागं राहतं आणि कुंडी होडीसारखी वाकते. म्हणून सावलीत, ओल्या पोत्याखाली, आठ-दहा दिवस वाळू द्यायची. पावसाळ्यात तर महिना गेला तरी ओल हटत नाही, आणि पोट कुणासाठी थांबत नाही.

मग आवा. पहिल्या रात्री नुसती धग. करवंट्या, भुसा, दार थोडं किलकिलं. मातीत राहिलेलं पाणी सावकाश बाहेर गेलं पाहिजे. ते आतच उकळलं तर कुंडी फटाक्यासारखी फुटते आणि शेजारच्या चार घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी लाकूड वाढवायचं. पाचशे-सहाशे अंशांच्या टप्प्यावर मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं. त्यानंतर त्या मातीचा परत चिखल होत नाही, कितीही भिजवा. सातशेच्या आसपास आतला रंग मळका लाल असतो, हजाराजवळ केशरी होतो. त्या केशरीवर भट्टी धरून ठेवायची, डोळे चुरचुरतात तरी भोकातून बघत राहायचं. मग दार लिंपायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. घाईनं उघडलं की गार वाऱ्यानं तडे जातात.

गेल्या खेपेला साठ कुंड्या लावल्या, अकरा गेल्या. त्या अकरांचा पैसा कुणी देत नाही. सरपण आमचं, जागरण आमचं, फूट आमची. उरलेल्या एकोणपन्नासांतली मधल्या मापाची कुंडी शेठ १८० रुपयांना उचलतो. प्रदर्शनात तिच्यावर १,४०० ची चिठ्ठी असते.

पण मी फक्त पैशासाठी कागद काळा करत नाही. पैशाचं भांडण सगळेच करतात. आपलं भांडण भांड्याचं आहे, आणि ते जुनं आहे.

या देशात तांब्या-पितळेचं भांडं बाटलं तर राखेनं घासून, आगीवर धरून चालतं. मातीचं बाटलं तर फोडायचं. का? तर म्हणे माती शोषून घेते. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं बांधलं जाई, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवलंय. आपल्याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो. मग सवर्णांनी तळं शुद्ध केलं ते कशानं? १०८ मातीच्या घागरींनी. त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही. म्हणजे गुराचं मूत चालतं, माणसाची ओंजळ चालत नाही. आणि घागर मातीचीच!

माझी आजी सांगायची, बाजारात मडकं घ्यायचं तर लांबून बोट करायचं. कुंभार ते जमिनीवर ठेवायचा, मागं सरायचा, मग आजीनं उचलायचं. वाजवून बघता यायचं नाही. हात लागला आणि घेतलं नाही तर ते मडकं कुणी दुसरं घेणार नाही, म्हणून चिरलेलं का असेना, ते आपलंच. आजी म्हणायची, “आमच्या घरात कदी खणखणीत मडकं आलंच न्हाई रं.”

तर मी त्या आजीचा नातू. मी मडकं घेत नाही, करतो. आणि हजार अंशांवर भाजतो. त्या आगीत किडा, काडी, मुळाचा तंतू, काही म्हणजे काही उरत नाही. सगळं जळून जातं. मग त्या कुंडीला माझा विटाळ चिकटतो तो कुठल्या जागी? कुणी शास्त्रीबुवानं येऊन दाखवावं. भट्टीचं भोक उघडून देतो, आत बघा म्हणावं.

इथं कुंभारकाकांबद्दल सांगायला पाहिजे, कारण आपल्यातल्या काहींना सोपं गणित आवडतं. काका बलुतेदार. आपल्यापेक्षा शिडीवर वरच्या पायरीवर, पण शिडीवरच. स्टीलनं आणि प्लॅस्टिकनं त्यांचं मडकं मारलं, त्यांची पोरं कंपनीत कंत्राटी लागली. धंदा शिकायला घरचं कुणी नाही म्हणून त्यांनी मला घेतलं. पण पहिले दोन महिने मला फक्त माती तुडवायला लावली, पाण्याचा तांब्या वेगळा. मी एक दिवस विचारलं, “काका, माझ्या पायानं तुडवलेली माती चालते, आणि माझ्या हातानं लावलेला तांब्या चालत नाही?” काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वेगळा तांब्या गायब. हे त्यांचं मोठेपण म्हणून सांगत नाही. माणसाला विचारावं लागतं, तोंडावर विचारावं लागतं, म्हणून सांगतोय.

माझी पहिली कुंडी आव्यातून निघाली तेव्हा काकांनी ती बोटाच्या पेरानं वाजवली. तेरच्या गोरोबांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून त्यांनी कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं म्हणतात. काकांनी वाजवली, कान लावला, म्हणाले, “पक्कं हाय. हात बरा हाय तुजा.” आजी असती तर तिला ती वाजवायला दिली असती. स्वतःच्या हातानं, पाहिजे तेवढ्या वेळा.

आता प्रदर्शनाचं ऐका.

खोकी उतरवायला शेठनं मला बरोबर नेलं होतं. मोठा हॉल, थंडगार. आमच्या कुंड्यांत वड, पिंपळ, चिंच, जांभूळ बसवलेले. आम्ही ओली कुंडी वाळायला ठेवण्याआधी मी खिळ्यानं तळाला माझं पूर्ण नाव कोरायचो. दोन वर्षं कोरत होतो. एक रिकामी कुंडी मी सहज उलटी केली. तळ गुळगुळीत. नाव नाही. दुसरी केली, तिसरी केली. मशीननं घासून काढलेलं, घासल्याच्या रेघा दिसत होत्या, आणि त्यावर शेठच्या नर्सरीचा कागदी छाप.

मी म्हणालो, “शेठ, हे काय?”

शेठ हसला. म्हणाला, “अरे, मनाला लावून घेऊ नकोस. तुझं नुसतं नाव असतं तर ठेवलंही असतं. पण तू आडनाव घालतोस. लोक ही कुंडी घरात ठेवतात, काहीजण तर देवघराशेजारी. कशाला उगाच?”

‘कशाला उगाच’! दोस्तांनो, अख्खी जातव्यवस्था या दोन शब्दांवर उभी आहे. त्यात शिवी नाही, काठी नाही, अट्रॉसिटीचा गुन्हा लागेल असं काही नाही. नुसतं ‘कशाला उगाच’.

त्याच हॉलमध्ये दोन टेबलं सोडून परदेशी कुंड्या होत्या. जपानच्या तोकोनामेच्या, चीनच्या यिशिंगच्या. तिथं गिऱ्हाईक काय करत होतं? प्रत्येक कुंडी उचलायचं, उलटी करायचं आणि तळाचा शिक्का शोधायचं. कारण तिथले कुंभार तळाला आपला शिक्का मारतात आणि शिक्क्यावर किंमत ठरते. लिपी कळत नाही, उच्चार येत नाही, तरी ते नाव पूज्य. त्या कुंभाराची जात कुणी विचारत नाही. माझं नाव मराठीत, स्वच्छ वाचता येतंय, म्हणूनच ते घासायचं!

एक बाई आमचं बोलणं ऐकत होत्या. सुशिक्षित, सुती साडी. मला समजावायला लागल्या की खऱ्या हस्तकलेचं सौंदर्य तिच्या अनामपणात असतं. कारागिराचा अहंकार त्यात नसतो. जपानच्या यानागी सोएत्सुंचं पुस्तक वाच म्हणाल्या.

बाई, वाचलं. ‘द अननोन क्राफ्ट्समन’, १९७२ सालची इंग्रजी आवृत्ती, बर्नार्ड लीच यांनी तयार केलेली. लायब्ररीतून आणून, डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यात बिननावाच्या कुंभारांचं कौतुक आहे, पण पुस्तकावर नाव कुणाचं आहे? यानागींचं आहे, लीच यांचं आहे. लीच स्वतःच्या भांड्यांवर आपल्या आद्याक्षरांचा शिक्का मारायचे. त्यांचे दोस्त हामादा शोजी, फार मोठा कुंभार, त्यांनी माशिको गावी स्थायिक झाल्यावर भांड्यावर शिक्का मारणं सोडलं. मानतो. पण भांडं ज्या लाकडी पेटीतून जायचं तिच्यावर त्यांची सही असायची, आणि १९५५ साली जपान सरकारनं त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. ज्याचं नाव जगाला ठाऊक आहे त्यानं ते सोडलं तर तो त्याग झाला. ज्याचं नाव मशीननं घासलं, त्याला अनामपणाचं सौंदर्य शिकवणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं पुण्य सांगणं आहे.

मला यानागी नको, मला डेव्ह पाहिजे.

डेव्ह कोण? अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातला काळा गुलाम, एजफिल्ड भागातला कुंभार. मांडीइतके उंच रांजण उभे करायचा. त्या राज्यानं १८३४ साली गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा ठरवलं. आणि या पठ्ठ्यानं त्याच काळात ओल्या मातीवर, रांजणाच्या खांद्यावर, स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. कधी मालकाची आद्याक्षरं पण लिहिली, पण शेजारी आपलं नाव: डेव्ह. कधी दोन ओळींचं स्वतःचं कवित्व. मग ते भट्टीत घातलं, म्हणजे पुसता येणार नाही असं केलं. यादवी युद्धानंतर तो मोकळा झाला, डेव्हिड ड्रेक झाला. त्याचा एक रांजण २०२१ साली लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेला. आता म्युझियमं त्याचं नाव मिरवतात. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्याच काळ्यांतल्या एका कुंभाराकडून खिळा पण घ्या.

आता आपल्या घरातल्यांशी दोन शब्द. हे शेठपेक्षा कडू आहे.

आपले शिकलेले, फ्लॅटवाले, मला म्हणतात, “बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं आणि तू चिखलात हात घालून बसलास? एमपीएससी कर.” एमपीएससी जरूर करा, माझा धाकटा भाऊ करतोय. पण बाबासाहेबांचं नाव नीट घ्या. त्यांनी सोडायला सांगितली ती जन्मानं मानगुटीवर बसवलेली कामं. मेलेली ढोरं ओढणं, येसकरकी, दारोदार भाकर मागणं. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी वतनाविरुद्ध बिल आणलं ते त्या गुलामगिरीविरुद्ध. ते वतन कायद्यानं गेलं १९५८ साली, बाबासाहेबांच्या मागं. कुंभाराची माती आपल्या वतनात कधीच नव्हती. तिला हात लावायची आपल्याला बंदी होती. मी माती मळतो तेव्हा जातीचं काम करत नाही, जातीचं कुंपण तोडून आत शिरतो. हातानं काम करण्याची लाज हा बामणी रोग आहे. तो आपल्याला पगाराबरोबर लागला असेल तर आधी त्याचं औषध बघा.

आणि लाज वाटायचीच असेल तर दुसऱ्या एका गोष्टीची वाटू द्या.

पनवेल, पेण, खालापूर, कर्जत. दिवाळी झाली की या पट्ट्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. नवरा, बायको, पोरं सगळी वीटभट्टीवर. आधी उचल घेतलेली असते, दुखण्याला, लग्नाला, किंवा नुसतं पावसाळ्यात पोट भरायला. पाऊस तोंडावर येईपर्यंत विटा पाडायच्या आणि हिशेबाला बसलं की उचल अजून फिटलेलीच नसते. मग पुढच्या वर्षी तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा. सरकारी कागदावर कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. आमच्या शेडमधली बाई अशाच भट्टीवर लहानाची मोठी झाली. कुठल्या लाकडाची आग किती टिकते हे काकांपेक्षा तिला जास्त कळतं.

एकदा ती मला एक वीट दाखवत म्हणाली, “ही बग, हिच्या पोटात काय हाय.” विटेच्या मधल्या खाचेत इंग्रजी अक्षरं. भट्टीमालकाची. साच्यातच कोरलेली असतात, प्रत्येक वीट पाडताना उमटतात. ती म्हणाली, “माज्या आयनं अशा किती पाडल्या आसतील, तिला एक अक्सर वाचता येत नव्हता. रोज मालकाचा नाव लिवायची.”

दोस्तांनो, हे वाचून जरा थांबा. तुम्ही ज्या खोलीत बसून हा अंक वाचताय तिच्या भिंतीत, प्लॅस्टरच्या आत, मालकांची नावं आहेत. सिडको १९७० साली आली, पनवेल-उरणची भातशेतं गेली, टॉवर उभे राहिले. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या टॉवरांच्या बाल्कनीत आता आमच्या कुंड्यांतले वड ठेवलेत. भिंतीच्या आत भट्टीवाल्याचा शिक्का, कुंडीच्या खाली नर्सरीवाल्याचा. थापणारा हात, भाजणारा हात, दोन्हीकडं गायब. आणि आपली कविता म्हणते, अरेरे, बिचारं झाड!

म्हणून आम्ही ठरवलंय ते सांगतो.

कुंडीच्या तळाची जाडी आम्ही नऊ मिलिमीटर ठेवतो. या हंगामापासून शिक्का मारायचा तो चार मिलिमीटर खोल. खिळा बंद. लाकडात कोरलेला ठसा, ओल्या मातीवर वजन देऊन. कुणी मशीन लावलं तर नावाबरोबर तळ जाईल, आणि बिनतळाच्या कुंडीत झाड लावता येत नाही. शिक्क्यात तिघांची नावं, पूर्ण, आडनावासकट. खाली ‘पनवेल’ आणि आव्याचा नंबर. बाईनं तिचं नाव मला आधी कागदावर लिहून मागितलं, चार दिवस पाटीवर गिरवलं, आणि ठशातली तिची अक्षरं तिनं स्वतः कोरली. काकांनी पहिल्यांदा मान हलवली. म्हणाले, “माल परत येईल रं.” मी म्हटलं, येऊ दे. रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, “माझं नाव पयलं नको. जसं काम पडंल तसं लाव.”

शेठला कळवलंय. तो माल उचलायचा बंद करेल, बहुतेक करेलच. मग आम्ही आठवड्याच्या बाजारात बसू, स्टेशनाबाहेर बसू. उपाशी राहायची सवय आहे. अनाम राहायची आता नाही.

आणि तुम्ही काय करायचं? तुम्ही मुंबई-पुण्याच्या हॉलांत जाता, प्रदर्शनं बघता. तिथं एक कुंडी उचला आणि उलटी करा. तळ गुळगुळीत दिसला तर मोठ्यानं विचारा, “ही केली कुणी?” उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. सुट्टीच्या दिवशी दोघं-तिघं मिळून वीटभट्टीवर जा, उचलीचा हिशेब मालकाकडून लेखी मागा, कातकरी पोरांना त्यांचं नाव लिहायला शिकवा. कविता मग लिहा. झाडावरच लिहायची असेल तर झाडावर लिहा, पण खाली हातांची नावं घाला.

नव्या शिक्क्याचा पहिला आवा परवा रात्री लावला. दार लिंपलेलं आहे. उद्या सकाळी उघडतोय. ज्यांना यायचं त्यांनी या. वाजवून बघायला प्रत्येकाच्या हातात एकेक कुंडी देऊ.

जय भीम.